लायब्ररी अपग्रेडनंतरच्या डिपेंडन्सी एरर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फर्मागुडीला इंजिनीअरिंगचा प्रोजेक्ट करणारी मुलं, पणजी-म्हापशातल्या छोट्या ऑफिसांत हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या साइट सांभाळणारे दोघे-तिघे, पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरून काम करणारे प्रोग्रामर, या सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. सगळं नीट चालत होतं, एक लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) वर नेली, म्हणजे नव्या व्हर्जनवर नेली, आणि तिच्याशी जोडलेलं भलतंच काहीतरी मोडलं. एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस म्हणजे तिच्या डिपेंडन्सी. त्या प्रश्नांची उत्तरं इथे आहेत. उदाहरणं मुख्यतः पायथन, नोड (ब्राउझरबाहेर चालणारं जावास्क्रिप्ट) आणि उबुंटू लिनक्सची आहेत. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

काल चालत होतं. आज एक लायब्ररी अपग्रेड केली आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. आधी काय करू?

आधी थांबा. खरं नुकसान अपग्रेडमुळे जेवढं होतं त्याहून जास्त पुढच्या अर्ध्या तासात होतं. एरर शोधायची, जी पहिली कमांड दिसेल ती चिकटवायची, ती चालली नाही की दुसरी. प्रत्येक कमांड एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे इन्स्टॉल असलेल्या पॅकेजेसच्या संचात, काहीतरी बदलून जाते. चौथ्या कमांडनंतर समोर जी एरर दिसते ती मूळची राहिलेली नसते आणि मूळची कुठेच लिहिलेली नसते.

म्हणून पहिलं काम, एररचा पूर्ण मजकूर एका फाइलमध्ये ठेवा. दुसरं, आत्ता काय काय इन्स्टॉल आहे त्याची नोंद घ्या. पायथनमध्ये ‘पिप फ्रीझ’, नोडमध्ये ‘एनपीएम एलएस --ऑल’. पिप आणि एनपीएम ही त्या-त्या ठिकाणी पॅकेजेस बसवणारी साधनं. ही यादी मोडलेल्या अवस्थेची असली तरी पुढे तीच उपयोगी पडते.

मग मागे जा. कळंगुटच्या गेस्ट हाऊसची बुकिंग साइट बंद पडली असेल तर मालकाला कारण नको असतं, साइट हवी असते, आणि त्यांचं बरोबर आहे. लॉक फाइल, म्हणजे प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन लिहिलेली फाइल, गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) असेल तर कालचं व्हर्जन परत आणा, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथन प्रोजेक्टच्या पॅकेजेसचा वेगळा फोल्डर) किंवा नोड-मॉड्यूल्सचा फोल्डर पूर्ण काढा आणि त्या लॉक फाइलवरून नव्याने इन्स्टॉल करा. शोधाशोध नंतर, दुसऱ्या कॉपीवर.

‘फक्त ती एक लायब्ररी जुन्या व्हर्जनला नेली तर?’ असं पुष्कळजण विचारतात. कधी कधी चालतं. पण अपग्रेड करताना तिने आपल्यासोबत आणखी चार पॅकेजेस वर नेलेली असतात आणि ती आपोआप खाली येत नाहीत. मग परिस्थिती कालचीही नसते आणि आजचीही नसते.

लॉक फाइल नव्हती, यादीही ठेवली नव्हती. कालची व्हर्जन्स कशी कळणार?

बहुतेक वेळा कळतात. पायथनच्या साइट-पॅकेजेस फोल्डरमध्ये प्रत्येक पॅकेजचा ‘डिस्ट-इन्फो’ने संपणारा एक फोल्डर असतो. ते फोल्डर तारखेनुसार लावा, आज कोणती पॅकेजेस बदलली ते लगेच दिसतं. उबुंटूवर ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग’ या फाइलमध्ये कुठलं पॅकेज कुठल्या व्हर्जनवरून कुठल्या व्हर्जनवर गेलं ते तारीख-वेळेसकट लिहिलेलं असतं. ही फाइल पुष्कळांना माहीतच नसते, आणि अशा वेळी तिच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

तेही जमलं नाही तर दुसरं मशीन शोधा. ज्या सहकाऱ्याने अजून अपग्रेड केलेलं नाही त्याचा लॅपटॉप, टेस्ट सर्व्हर, जुनी डॉकर इमेज (प्रोग्राम आणि त्याची पॅकेजेस एकत्र बांधलेली प्रत). तिथे ‘पिप फ्रीझ’ चालवलं की हवी ती यादी हातात येते.

पण मी एकच लायब्ररी बदलली होती. बाकीच्या का मोडल्या?

तुम्ही पाच लायब्रऱ्या मागितल्या असतील, पण त्या पाचजणींनी आपापल्या गरजेच्या पन्नास आणल्या आहेत. त्या पन्नासांतली काही पॅकेजेस दोघी-तिघींच्या सामाईक असतात आणि अडचण तिथेच उभी राहते. चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची माटोळी बांधताना एका बाजूची नारळांची पेंड सोडली की पूर्ण चौकट कलते, तसं हे आहे. तुम्ही हात एका ठिकाणी लावता आणि फरक लांबवर दिसतो.

इथे पायथन आणि नोड यांच्यातला एक मूळ फरक लक्षात ठेवायला हवा. पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एका पॅकेजचं एकच व्हर्जन राहू शकतं. ‘क’ला ‘ग’ दोनच्या खालचं हवं आणि ‘ख’ला दोनच्या वरचं हवं, तर तिथे उत्तरच नाही, ‘क’ किंवा ‘ख’ यांपैकी कुणालातरी बदलावं लागणार. नोडमध्ये ‘ग’ची दोन व्हर्जन्स वेगवेगळ्या फोल्डरांत सुखाने नांदू शकतात. त्यामुळे नोडमध्ये इन्स्टॉलेशन सहज पार पडतं, पण रिॲक्टसारख्या लायब्ररीच्या दोन प्रती एकाच पानावर आल्या की ‘इनव्हॅलिड हुक कॉल’ अशी एरर येते, जिच्याकडे बघून डिपेंडन्सीचा संशयही येत नाही.

सगळ्यांच्या अटी पाळणारा व्हर्जन्सचा संच शोधणं हे गणिती दृष्ट्या खरोखर अवघड काम आहे. संगणकशास्त्रात ज्याला एनपी-कम्प्लीट म्हणतात त्या वर्गात हा प्रश्न बसतो. म्हणून पिप कधी कधी पाच-दहा मिनिटं एकेक व्हर्जन उतरवून बघत बसतं. ते अडकलेलं नसतं.

शंभर ओळींची एरर येते. वाचायची कुठून?

पायथनमध्ये खालून वर. शेवटची ओळ काय झालं ते सांगते, तिच्या वरच्या ओळींतले फाइलचे पत्ते कुठे झालं ते सांगतात. पत्त्यात ‘साइट-पॅकेजेस’ असेल तर त्यापुढचं नाव नीट बघा. तक्रार करणारं पॅकेज आणि दोषी पॅकेज पुष्कळदा वेगवेगळी असतात. ‘फ्लास्क’ या वेबसाइट बनवायच्या लायब्ररीच्या फाइलमध्ये एरर आली म्हणजे फ्लास्क बिघडलं असं नाही. फ्लास्कने ज्याच्याकडे काही मागितलं त्याच्याकडे ते राहिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एनपीएमची एरर वरून वाचायची. ‘फाउंड’ या शब्दापुढे आत्ता काय आहे ते असतं, ‘पीअर’ आणि ‘फ्रॉम’ या शब्दांच्या ओळीत कुणाला काय हवं आहे ते असतं. या दोन ओळी सापडल्या की बाकीचा मजकूर सोडून दिलात तरी चालेल. ॲप्टमध्ये, म्हणजे उबुंटूच्या पॅकेजेस बसवणाऱ्या साधनात, ‘डिपेंड्स’ने सुरू होणारी ओळ शोधा: अमुक हवं आहे, पण तमुक इन्स्टॉल होणार आहे.

आणखी एक. एरर कधी आली हे आधी ठरवा. इन्स्टॉल करतानाच आली असेल तर अटींचा झगडा आहे. इन्स्टॉल झालं पण ‘इम्पोर्ट’ करताना मोडलं तर कुणीतरी आपली अट नीट जाहीर केलेली नाही, किंवा कम्पाइल केलेले भाग जुळत नाहीत. दोन्ही ठीक झालं आणि उत्तरं चुकीची येताहेत, तर तो सगळ्यात वाईट प्रकार. त्याबद्दल नमपायच्या प्रश्नात लिहिलं आहे.

पिपने लाल अक्षरांत काहीतरी दाखवलं, पण शेवटी ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ लिहिलं. मग झालं ना?

झालं नाही. ती लाल ओळ वाचा. २०२०च्या नोव्हेंबरअखेरीस आलेल्या २०.३ व्हर्जनपासून पिपला व्हर्जन्स जुळवणारा नवा रिझॉल्व्हर मिळाला. तुम्ही एका कमांडमध्ये जे मागाल त्यात विसंगती असेल तर तो ‘रिझोल्यूशन इम्पॉसिबल’ म्हणून थांबतो. पण आधीपासून इन्स्टॉल असलेली बाकीची पॅकेजेस मोडणार असतील तर तो फक्त इशारा देतो आणि काम पूर्ण करतो. म्हणून प्रत्येक इन्स्टॉलेशननंतर ‘पिप चेक’ चालवायची सवय लावा. दोन सेकंदांचं काम आहे.

‘पिप चेक’लाही मर्यादा आहेत. जानेवारी २०२३मध्ये डेटाबेसशी बोलणाऱ्या एसक्यूएलअल्केमी या लायब्ररीची २.० आली तेव्हा टेबलांतल्या डेटाचं विश्लेषण करणाऱ्या पांडासची १.५ मालिका वापरणाऱ्या अनेकांची डेटाबेसमधून टेबल वाचणारी ओळ मोडली. ‘एक्झिक्यूट’ नावाचा गुणधर्मच नाही, अशी एरर यायची. ‘पिप चेक’ मात्र सगळं ठीक आहे म्हणायचं, कारण पांडाससाठी एसक्यूएलअल्केमी सक्तीची नाही, ऐच्छिक डिपेंडन्सी आहे. पांडास २.० मालिकेवर गेल्यावर किंवा एसक्यूएलअल्केमी दोनच्या खाली ठेवल्यावर प्रश्न सुटायचा.

नमपाय अपग्रेड केल्यावर ‘नमपाय १.एक्स वापरून कम्पाइल केलेलं मॉड्यूल चालू शकत नाही’ असं येतं. काय करू?

विद्यार्थ्यांकडून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

नमपाय ही पायथनमध्ये आकडेमोड करायची लायब्ररी. तिचं २.० जून २०२४मध्ये आलं. २००६नंतरचं ते पहिलं मोठं व्हर्जन. त्यात फंक्शनांची नावं तर बदललीच, पण आतली बायनरी रचनाही बदलली. पांडास, मॅटप्लॉटलिब, ओपनसीव्ही यांसारख्या लायब्रऱ्यांचा बराच भाग सी किंवा सी++मध्ये लिहून नमपायच्या रचनेवर कम्पाइल केलेला असतो. जुन्या रचनेवर कम्पाइल केलेला भाग नव्या नमपायबरोबर बसत नाही. ‘डीटाइप साइझ चेंज्ड, मे इंडिकेट बायनरी इनकम्पॅटिबिलिटी’ ही एररसुद्धा याच घरातली.

चांगला उपाय म्हणजे तक्रार करणारी लायब्ररी वर नेणं. उदाहरणार्थ, नमपाय २शी जुळणारं पांडासचं पहिलं व्हर्जन २.२.२ आहे. नमपाय २वर कम्पाइल केलेली मॉड्यूल्स नमपाय १बरोबरही चालू शकतात, त्यामुळे लायब्ररी वर नेण्यात धोका कमी असतो. ती लायब्ररी आता कुणी सांभाळतच नसेल तर रिक्वायरमेंट्समध्ये (हव्या असलेल्या पॅकेजेसच्या यादीत) ‘नमपाय<२’ अशी अट घाला, १.२६.४ मिळेल. मात्र तुमचं पायथन ३.१३ किंवा पुढचं असेल तर हा मार्ग बंद आहे असं समजा. १.२६ची तयार व्हील्स (आधीच कम्पाइल करून बांधलेल्या फाइली) पायथन ३.१२पर्यंतचीच आहेत. पुढच्या पायथनवर पिप सोर्सवरून कम्पाइल करायला जातं आणि विंडोजच्या लॅपटॉपवर कम्पायलर नसल्यामुळे पानभर वेगळ्याच एरर येतात. अशा वेळी पायथन ३.११ किंवा ३.१२चं वेगळं एन्व्हायर्नमेंट करणं सोपं.

तुमच्या स्वतःच्या कोडमधल्या ‘एनपी.नॅन’चं मोठ्या अक्षरांतलं रूप, ‘एनपी.फ्लोट_’, ‘एनपी.प्रॉडक्ट’ अशी नावं आता गेली आहेत. हाताने शोधत बसू नका. ‘रफ’ नावाच्या तपासनिसाला ‘एनपीवाय२०१’ हा नियम दिला की तो बहुतेक जागा स्वतः दुरुस्त करतो.

आता तो वाईट प्रकार. नमपाय २मध्ये विंडोजवरचा साधा पूर्णांक ३२ बिटांवरून ६४ बिटांचा झाला. आणि ३२ बिटांच्या दशांश संख्येत साधी दशांश संख्या मिळवली तर पूर्वी ६४ बिटांचं उत्तर यायचं, आता ३२ बिटांचंच येतं. एरर येत नाही. प्रोग्राम चालतो, उत्तराच्या शेवटच्या अंकांत फरक पडतो. मासळीच्या आवकेचा अंदाज बांधणारा प्रोजेक्ट असो की पावसाच्या नोंदींचं विश्लेषण, अपग्रेडच्या आधीची चार-पाच उत्तरं फाइलमध्ये ठेवा आणि नंतर ताडून पाहा. मुलं याचा कंटाळा करतात. व्हायवात परीक्षक आकडा विचारतात तेव्हा तो कुठून आला हे सांगता यायला हवं, त्यासाठी तरी कराच.

मी काहीच अपग्रेड केलं नाही. फक्त नव्या सर्व्हरवर टाकलं, तर ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम यूआरएल_कोट’ आलं. असं कसं?

अपग्रेड तुम्ही केलं नाही, पण ते झालं. तुमच्या रिक्वायरमेंट्समध्ये फ्लास्कचं २.२ मालिकेतलं व्हर्जन पक्कं लिहिलेलं असणार आणि फ्लास्क ज्याच्यावर उभं आहे त्या वेर्कत्सॉइगचं नावच नसणार. फ्लास्क २.२ला वेर्कत्सॉइग २.२च्या वरचं काहीही चालत होतं, वरची मर्यादा नव्हती. सप्टेंबर २०२३च्या अखेरीस वेर्कत्सॉइग ३.० आलं आणि त्यात ‘यूआरएल_कोट’ उरलं नाही. जुन्या सर्व्हरवर जुनं वेर्कत्सॉइग बसलेलं होतं म्हणून तिथे चालत राहिलं. नव्या सर्व्हरने ताजं घेतलं.

तात्पुरतं ‘वेर्कत्सॉइग<३’ लिहा, मग निवांतपणे फ्लास्क वर न्या. हाच प्रकार फेब्रुवारी २०२२मध्ये मार्कअपसेफ २.१ आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या जुन्या जिंजाचा झाला होता, तिथे ‘सॉफ्ट_युनिकोड’ हे नाव गेलं होतं. कारण दोन्हीकडे एकच: स्वतः मागितलेली पॅकेजेस पक्की केली, त्यांनी आणलेली मोकळी सोडली.

मग सगळीच पक्की करायची?

हो, पण दोन वेगळ्या फाइलींत. एका फाइलमध्ये तुम्हाला स्वतःला काय हवं ते लिहायचं, ढोबळ मर्यादांसह. दुसरी लॉक फाइल, जी यंत्राने तयार करायची आणि जिच्यात प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन असतं. एनपीएमची ‘पॅकेज-लॉक.जेसन’, पीएचपीची ‘कम्पोझर.लॉक’, पायथनमध्ये पोएट्रीची किंवा यूव्हीची लॉक फाइल, नाहीतर पिप-टूल्सने तयार केलेली रिक्वायरमेंट्स. दोन्ही फाइली गिटमध्ये जायलाच हव्यात. ‘लॉक फाइलमुळे मर्ज कॉन्फ्लिक्ट होतात म्हणून गिटइग्नोरमध्ये टाकली’ असं सांगणारे भेटतात. ते कॉन्फ्लिक्ट परवडतात.

सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवू नका, ‘एनपीएम सीआय’ चालवा. ते नोड-मॉड्यूल्स पूर्ण काढून लॉक फाइलप्रमाणेच बसवतं, आणि लॉक फाइल पॅकेज.जेसनशी जुळत नसेल तर थांबतं.

व्हर्जनच्या आकड्यांपुढची टोपी आणि लाटेसारखं चिन्ह म्हणजे काय?

आकडे तीन असतात: मोठा बदल, नवी सोय, दुरुस्ती. पॅकेज.जेसनमध्ये ‘^१.४.२’ म्हणजे २.०.०च्या खालचं काहीही, ‘~१.४.२’ म्हणजे १.५.०च्या खालचं. पहिला आकडा शून्य असेल तर टोपी कडक होते: ‘^०.४.२’ फक्त ०.५.०च्या खालपर्यंत जाते. पायथनमध्ये ‘~=१.४.२’ हे १.५च्या आत राहतं, पण ‘~=१.४’ हे थेट २च्या आतपर्यंत जातं. या शेवटच्या फरकात पुष्कळ लोक अडकतात.

हे आकडे लेखकाने दिलेला शब्द आहे, यंत्राने तपासलेली हमी नव्हे. दुरुस्तीच्या व्हर्जननेही कुणाचं काहीतरी मोडू शकतं.

एनपीएम ‘ईरिझॉल्व्ह’ म्हणून थांबतं. सगळे म्हणतात ‘--लेगसी-पीअर-डेप्स’ लावा. लावू का?

लावण्याआधी एररमधल्या दोन ओळी वाचा. ऑक्टोबर २०२०च्या एनपीएम ७पासून पीअर डिपेंडन्सी (एखाद्या लायब्ररीला आपल्यासोबत हवं असलेलं दुसरीचं व्हर्जन) आपोआप बसवल्या जातात आणि जुळल्या नाहीत तर काम अडतं. त्याआधी नुसता इशारा यायचा. नेहमीचं उदाहरण म्हणजे तुम्ही रिॲक्ट १८वर गेलात आणि कॅलेंडर दाखवणारी एखादी लायब्ररी अजून रिॲक्ट १७च मागते आहे.

आधी त्या लायब्ररीचं नवं व्हर्जन आहे का बघा. बहुतेकदा असतंच. नसेल तर ती खरंच मोडते का, की तिच्या लेखकाने यादीत १८ लिहायचं राहिलंय, ते चालवून बघा. चालत असेल तर पॅकेज.जेसनमधल्या ‘ओव्हरराइड्स’मध्ये त्या एका लायब्ररीपुरती सवलत लिहा, ही सोय एनपीएम ८.३पासून आहे. ‘--लेगसी-पीअर-डेप्स’ सगळ्यांच्याच अटी गुंडाळून ठेवतं, आणि सहा महिन्यांनी तुमच्या जागी आलेल्या मुलाला का ते कळायचं काही साधन राहत नाही. ‘--फोर्स’ तर नकोच. कोण काय मागतंय ते हवं असेल तर ‘एनपीएम एक्स्प्लेन’ आणि पॅकेजचं नाव. पीएचपीवाल्यांसाठी ‘कम्पोझर व्हाय-नॉट’ हेच काम करतं, आणि फार छान करतं.

नोड वर नेल्यावर ‘डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड’ येतं.

नोड १७पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१पासून, नोडमध्ये ओपनएसएसएल ३ (माहिती कुलूपबंद करणारी लायब्ररी) आहे. त्याने एमडी४ हा जुना हॅश बाजूला ठेवला. साइटच्या जावास्क्रिप्ट फाइली एकत्र बांधणारं वेबपॅक ४ नेमका तोच वापरतं. वेबपॅक ५च्या अलीकडच्या व्हर्जनवर जा. ‘--ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर’ने आजचा दिवस निघेल, पण ते कायमचं ठेवायचं नाही. नोड १६वर परत जाणं हा उपाय नाही, त्याचा सपोर्ट सप्टेंबर २०२३मध्येच संपला.

पावसात लाईट गेली आणि उबुंटूचं अपग्रेड अर्ध्यावर राहिलं. आता कुठलंच पॅकेज इन्स्टॉल होत नाही.

जून-जुलैत हा प्रश्न ठरलेला. घाबरू नका, ॲप्ट अशा प्रसंगासाठी बऱ्यापैकी तयार असतं.

आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. अर्धवट उलगडलेली पॅकेजेस यात पूर्ण होतात. मग ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. ही दुसरी कमांड काय करणार ते आधी दाखवते, तिथे ‘रिमूव्ह्ड’ या शीर्षकाखालची नावं वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका. डेस्कटॉपचं किंवा डेटाबेसचं पॅकेज त्या यादीत दिसलं तर नकार द्या आणि आधी कारण शोधा. ‘-वाय’ लावून चालवायची सवय असेल तर ती या कमांडपुरती तरी सोडा.

ॲप्टची लॉक फाइल वेगळी, दोन कामं एकदम चालू नयेत म्हणून ठेवलेली. ती अडकली आहे असं ॲप्ट म्हणालं तर ती थेट काढून टाकायचा सल्ला जागोजागी मिळतो. आधी ‘पीएस’ने कुठले प्रोग्राम चालू आहेत ते बघा. बऱ्याचदा उबुंटूचं स्वतःचं रात्रीचं अपडेट चालू असतं आणि पाच मिनिटांत संपतं.

‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ अशी एरर असेल तर ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ने कुणाला अडवून ठेवलंय ते बघा. तिथे काही नसेल तर कारण बहुतेक वेळा बाहेरची रिपॉझिटरी असते, कधीकाळी एखाद्या सॉफ्टवेअरसाठी जोडलेली आणि विसरलेली. ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ आणि पॅकेजचं नाव दिलंत की कुठलं व्हर्जन कुठून येतंय ते दिसतं.

सर्व्हर मुंबईच्या किंवा सिंगापूरच्या डेटा सेंटरमध्ये असला तरी पाऊस तुमच्याकडे आहे, हे विसरू नका. एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर दुरून काम करायची जोडणी, तुटलं की अपग्रेडही मधेच तुटू शकतं. अपग्रेड नेहमी ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’च्या आत सुरू करा. घरचं नेट गेलं तरी सर्व्हरवर काम चालू राहतं, परत जोडलं की तिथेच पोहोचता.

‘लिबएसएसएल.एसओ.१.१’ सापडत नाही म्हणतंय. नव्या फाइलला जुन्या नावाची लिंक दिली तर चालेल का?

कृपा करून नको. ही ओपनएसएसएलची फाइल आहे आणि नावातला तो १.१ सजावटीसाठी नाही. बायनरी रचना बदलली हे सांगण्यासाठीच तो आकडा बदलतात. उबुंटू २२.०४पासून ओपनएसएसएल ३ आहे आणि १.१ काढून टाकलं आहे. लिंक दिल्यावर प्रोग्राम एक तर लगेच पडेल, नाहीतर भलत्या वेळी पडेल, आणि हे सुरक्षेचं काम करणारं पॅकेज आहे. प्रोग्रामचं नवं व्हर्जन घ्या, किंवा सोर्स असेल तर नव्या मशीनवर पुन्हा कम्पाइल करा. जुना प्रोग्राम कसाही चालवावाच लागणार असेल तर डॉकरसारख्या कंटेनरमध्ये वेगळा ठेवा.

‘जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’ हे याच्या उलट टोकाचं. प्रोग्राम नव्या मशीनवर कम्पाइल झालाय आणि तुमचा उबुंटू २०.०४ जुना आहे. जीलिबसी हाताने बदलायला जाऊ नका, त्यावर मशीनमधला जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम उभा आहे. ‘एलएस’सुद्धा चालेनासं होतं.

‘एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून पिप नकार देतं.

योग्यच करतं. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपला हात घालू देत नाहीत, कारण उबुंटूची स्वतःची साधनं त्याच पायथनवर चालतात. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा. ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ या पर्यायाचं नावच पुरेसं स्पष्ट आहे.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून मैत्रिणीला दिला. तिच्याकडे चालत नाही.

चालणारही नाही. आतल्या फाइलींत तुमच्या मशीनवरचे पत्ते लिहिलेले असतात. यादी द्या, फोल्डर तिच्याकडे नव्याने बनू दे. दोघींची पायथन व्हर्जन्सही बघा. ३.१२मधून ‘डिस्टयूटिल्स’ काढलं आहे, त्यामुळे ३.११वर चालणारं जुनं पॅकेज तिच्याकडे ‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स’ म्हणून थांबू शकतं. सेटअपटूल्स बसवल्यावर ते पुष्कळदा सुटतं.

आमच्या गावात नेट सारखं जातं. दर वेळी सगळं उतरवणं शक्य नाही.

सत्तरी-सांग्याकडच्या मुलांची ही खरी अडचण आहे आणि तिच्यावर चांगला उपाय आहे. नेट असेल तिथे, कॉलेजात किंवा वाचनालयात, ‘पिप डाउनलोड -आर’ आणि रिक्वायरमेंट्सची फाइल, असं चालवून सगळी व्हील्स एका फोल्डरमध्ये घ्या. घरी ‘--नो-इंडेक्स’ आणि ‘--फाइंड-लिंक्स’ने त्या फोल्डरवरून इन्स्टॉल करा, नेटची गरज पडत नाही. फक्त दोन्हीकडे पायथनचं व्हर्जन आणि ऑपरेटिंग सिस्टिम सारखी हवी. एनपीएमला ‘--प्रिफर-ऑफलाइन’ दिलं की ते आधी स्वतःच्या कॅशमध्ये शोधतं.

हा फोल्डर नेट चांगलं असलेल्यांनीही ठेवावा. मार्च २०१६मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड थांबले. त्यानंतर पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक झाले, पण स्वतःची प्रत हाताशी असणं केव्हाही बरं.

एवढा त्रास असेल तर अपग्रेडच करू नये, नाही का?

करायलाच हवं. डिसेंबर २०२१मध्ये जावा प्रोग्रामांच्या नोंदी ठेवणाऱ्या लॉग४जे या लायब्ररीतली त्रुटी उघड झाली तेव्हा कितीतरी संस्थांना आपल्या सॉफ्टवेअरमध्ये लॉग४जे आहे हेच माहीत नव्हतं, कारण ते दुसऱ्याच कुठल्यातरी लायब्ररीने आणलं होतं. चार वर्षं मागे पडलेल्या प्रोजेक्टला अशा वेळी एका रात्रीत चार वर्षांचा प्रवास करावा लागतो. दर महिन्याला थोडं थोडं पुढे जाणाऱ्याला एक पायरी चढावी लागते. एका वेळी एक लायब्ररी, तिचा चेंजलॉग वाचून, टेस्ट चालवून, वेगळ्या कमिटमध्ये. मग काही मोडलं तर ‘गिट बायसेक्ट’ने नेमकी कमिट सापडते.

ताजं व्हर्जन पहिल्याच दिवशी घ्यायचीही घाई नको. मार्च २०२४मध्ये फाइली आवळून छोट्या करणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ व्हर्जनमध्ये मुद्दाम घातलेलं चोरदार सापडलं. ज्यांनी थोडं थांबून घेतलं असतं ते वाचले असते. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर लगेच, एरवी दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

गोव्यापुरतं वेळेचं एक सांगतो. पर्यटनाशी संबंधित साइटचं मोठं अपग्रेड पावसाळ्यात करा, तेव्हा बुकिंग कमी असतात आणि मालकही ऐकून घेतात. १५ डिसेंबर ते ५ जानेवारी सुरक्षेच्या दुरुस्तीशिवाय कशालाही हात लावू नका. आणि चवथीच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको. मोडलं तर दुरुस्त करणारे सगळे आपापल्या गावी गेलेले असतात.

सगळं करून पाहिलं, तरी सुटत नाही. मदत मागताना काय पाठवू?

स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नका, त्यातून मजकूर शोधता येत नाही आणि महत्त्वाची ओळ नेमकी कापलेली असते. एररचा पूर्ण मजकूर, ऑपरेटिंग सिस्टिम, पायथन किंवा नोडचं व्हर्जन, अपग्रेडच्या आधीची आणि नंतरची पॅकेजेसची यादी, आणि तुम्ही कुठली कमांड दिली ती जशीच्या तशी. पासवर्ड, एपीआय की काढून टाका.

त्याआधी एक प्रयोग करा. नवं रिकामं एन्व्हायर्नमेंट, त्यात फक्त तक्रार करणारी लायब्ररी आणि ज्या लायब्ररीबद्दल तक्रार आहे ती, आणि एरर आणणाऱ्या दोन-तीन ओळी. निम्म्या वेळा एरर तिथे येतच नाही, म्हणजे कारण तुमच्या जुन्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आहे, ते काढून पुन्हा बनवा. आली, तर त्या लायब्ररीच्या इश्यू यादीत (लोकांनी नोंदवलेल्या तक्रारींत) एररची शेवटची ओळ शोधा, बंद झालेल्या इश्यूंसकट. तिथे कुणी लिहिलेलं नसेल तर तुम्ही लिहा, त्या दोन-तीन ओळींसह. इंग्रजी साधी असली तरी चालते. लायब्ररी सांभाळणाऱ्यांना लांबलचक वर्णनापेक्षा स्वतःच्या मशीनवर चालवून बघता येणाऱ्या तीन ओळी जास्त हव्या असतात.